नानांचा बोरू, नातीचा लोगो

किराणा मालाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, की अजूनही कानावर येते : ‘ती जहाजाची काडेपेटी द्या’, ‘चहापत्ती नेहमीची, हिरव्या पानाची’. कंपनीचे नाव गिऱ्हाईक घेत नाही, बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकही नसते. डोक्यात असते ते चित्र आणि त्या चित्रावर बसलेला भरवसा. आपण याला छाप म्हणतो, मार्का म्हणतो, शिक्का म्हणतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका निशाणी म्हणतात. मुले आता लोगो म्हणतात. शब्द बदलला, काम तेच राहिले.

आमच्या शाळेतल्या एका मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली आणि निकाल लागेपर्यंतची सगळी सुटी या एका गोष्टीमागे घालवली. तिने काय केले ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटले, कारण अशी मुले आपल्या बहुतेक घरांत असतात. वहीच्या मागच्या पानावर सतत काहीतरी गिरवत बसणारी, आणि त्यावरून रोज बोलणी खाणारी.

सुरुवात झाली तिच्या मामूंच्या बेकरीतून. तालुक्याच्या गावातली जुनी, लाकडाच्या भट्टीची बेकरी. खारी, टोस्ट, बटर, नानखटाई. तीस वर्षे पिवळी पिशवी आणि तिच्यावर लाल अक्षरात नाव, एवढीच ओळख होती आणि तेवढी पुरत होती. गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर दुसरी बेकरी निघाली. पिशवी पिवळी, अक्षरे लाल, नावात एका अक्षराचा फरक. थोड्या दिवसांनी मामूंच्या गल्ल्यावर लोक तक्रार घेऊन येऊ लागले, की टोस्ट शिळा निघाला, तेलाचा वास येतो. पिशवी पाहिली तर ती यांची नसे. पण गावात बोलले जाऊ लागले, ‘मामूंचा टोस्ट आता पहिल्यासारखा राहिला नाही.’ ज्याचा धंदा हातच्या मालावर उभा आहे त्याला हे ऐकून झोप येत नाही.

मामूंनी भाचीला सांगितले, ‘दिवसभर मोबाईलमध्ये असतेस, मला एक निशाणी बनवून दे.’ तिने वीस मिनिटांत बनवली. फुकटच्या अ‍ॅपमध्ये बेकरी असा शब्द टाकला, आचाऱ्याची पांढरी टोपी निवडली, दोन्ही बाजूंनी गव्हाच्या ओंब्या लावल्या, सोनेरी रंग दिला. मामू खूश. चार दिवसांनी ती अम्मीसोबत एसटीने मिरजेला गेली आणि स्टँडसमोरच्या केकच्या दुकानावर तिला तीच टोपी दिसली, त्याच ओंब्या, तोच सोनेरी रंग. अ‍ॅपने जे तिला दिले ते मागेल त्या प्रत्येकाला दिले होते. शेजाऱ्याच्या नकलेवर उपाय म्हणून तिने जी निशाणी आणली ती स्वतःच शेकडो ठिकाणी टांगलेली होती.

मग ती आमच्याकडे आली. ‘सर, नवीन लोगो सुचतो कसा?’

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, चित्रकला नाही. पण एवढे सांगितले, की सुचण्याची वाट पाहत बसण्याआधी दुनियेने आजवर निशाण्या कशा केल्या ते बघ. एक कोरी वही घे, रोज एक निशाणी काढ आणि तिच्याखाली लिही : कुणी केली, कुणासाठी, आणि ती पाहणाऱ्याला वाचता येत होते का?

हा तिसरा प्रश्न मोलाचा निघाला. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरचे जनावर आपण पाठ्यपुस्तकात पाहतो. त्यावरची लिपी आजही कुणाला लागलेली नाही, पण जनावर ओळखू येते. मोगलांच्या इमारतींवर, ताजमहालावरसुद्धा, दगड घडवणाऱ्या कारागिरांनी तारे, त्रिकोण, मासे अशा खुणा कोरून ठेवल्या आहेत. इंग्रजांच्या काळात मँचेस्टरहून मुंबई बंदरात कापडाचे गठ्ठे येत, त्या प्रत्येक ठाणावर रंगीत चित्राचे टिकट चिकटवलेले असे. इथल्या गिऱ्हाइकाला इंग्रजी येत नव्हती म्हणून त्यावर हत्ती, वाघ, राजेरजवाडे छापत. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र द्यावे लागले. आजही बिस्किटाच्या पुड्यावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. आमच्या ओळखीच्या एका आजींना एकही अक्षर वाचता येत नाही, पण त्या ठिपक्यावरून पुडा शाकाहारी आहे हे त्या बरोबर सांगतात.

वहीची पंधरा-वीस पाने भरली आणि मुलगी तुघ्र्यापाशी येऊन थांबली. उस्मानी सुलतानांचा तुघ्रा आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर पाहिला असेल. वर जाणारे तीन उभे दांडे, डावीकडे एकात एक दोन अंडाकृती वळसे, उजवीकडे लांब गेलेल्या दोन रेघा. पाहताना नक्षी वाटते. असते मात्र नाव : सुलतानाचे, त्याच्या वडिलांचे, आणि ‘सदा विजयी’ अशा अर्थाचे शब्द. सर्वांत जुना तुघ्रा सुलतान ओरहान यांचा, १३२४ सालचा. प्रत्येक नव्या सुलतानाचा तुघ्रा नवा, पण घडण तीच. म्हणून सहाशे वर्षे फर्मान हातात पडताच दुरूनच कळे की हा हुकूम दरबारचा आहे. तो काढण्यासाठी दरबारात निशांजी नावाचा स्वतंत्र अधिकारी होता. तो नाण्यांवरही असे, आणि शेवटी शेवटी टपालाच्या तिकिटांवरही आला. आजच्या कंपन्या ज्याला आपली ‘ओळख’ म्हणून लाखो रुपये मोजतात, ते काम अक्षरांच्या बळावर इतके आधी झालेले होते. इकडे दख्खनमध्ये फारसी मुद्रांचा रिवाज होता, आणि त्या काळात शिवरायांनी आपली अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात करवली. राज्य कुणाचे आणि कोणत्या भाषेत बोलणार हे त्या एवढ्याशा शिक्क्याने सांगून टाकले.

इथून आम्ही तिला बगदादला नेले. इब्न मुक्ला अब्बासी खलिफांचे वजीर होते, इ.स. ९४० मध्ये त्यांचा इंतकाल झाला. राजकारणात त्यांचा हात कापला गेला आणि तरी त्यांनी दंडाला कलम बांधून लिहिले असे सांगतात. पण खताच्या दुनियेत त्यांचे नाव राहिले ते मापामुळे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. ते कागदावर टेकवून किंचित ओढले की पतंगासारखा तिरपा चौकोन उमटतो. हा नुक्ता. इब्न मुक्लांनी हा नुक्ता माप म्हणून धरला आणि अलिफची उंची नुक्त्यांत मोजली. त्या अलिफएवढ्या व्यासाचे वर्तुळ काढले आणि बाकीच्या हरफांचे वळण त्या वर्तुळाशी जुळवले. पुढच्या काळात प्रत्येक खताचा आपला हिशेब ठरला. सुलुसमध्ये अलिफ साधारण सात नुक्त्यांचा, नस्तालीकमध्ये तीन. आज डिझाइनच्या कॉलेजात मुलांना ‘ग्रिड’ शिकवतात आणि लोगो त्या जाळीवर बसवायला लावतात. मुलीने हे मोबाईलवर पाहिले होते. बगदादचा हिशेब समजल्यावर ती म्हणाली, ‘सर, हे तर नानांकडे होते.’

तिचे नाना कातिब होते. मुंबईत उर्दू छापखान्यांतून त्यांनी उमेदीची वर्षे काढली. वर्तमानपत्राचे रकाने, पुस्तके, लग्नाचे रुक्के, सगळे हाताने लिहायचे आणि मग ते छापायचे. तेव्हा नस्तालीक टाइपात बसत नव्हते, कारण हरफ शेजारच्या हरफाप्रमाणे आकार बदलतो आणि शब्द वरून खाली तिरका उतरतो. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड हाताने लिहून काढले, मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर ‘नूरी नस्तालीक’ उभे राहिले आणि त्याच वर्षी लाहोरचा ‘जंग’ त्यात निघू लागला. १९९४ च्या सुमारास आपल्याकडे ‘इनपेज’ आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत छापखान्यांतले कातिब एकेक करून घरी बसले. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हाताने लिहिले जात राहिले म्हणून त्याच्यावर लेख येत. बाकीच्या कातिबांवर कुणी लेख लिहिला नाही. नाना गावी परतले आणि शेवटपर्यंत मुलाच्या बेकरीच्या गल्ल्यावर बसून भावाचे फलक लिहीत राहिले. त्यांची लाकडी पेटी, त्यातले बोरू, दौत, चाकू, अम्मीने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले होते.

आणि खरी अडचण तिथेच होती. लोगो मामूंना हवा होता, मुलीला करायचा होता. अम्मीला मात्र ही वहीच नको होती. ‘या हुनराने आमच्या घरात दोन वेळची चूल पेटायची मुश्कील झाली होती,’ त्या आम्हाला म्हणाल्या. ‘अब्बांचा हात सोन्याचा होता, सर. त्याचे काय झाले ते आम्ही बघितले आहे. मुलीने सायन्स घ्यावे, डीएमएलटी करावे, लॅबमध्ये नोकरी करावी.’ या बोलण्याला उत्तर देणे सोपे नाही. उपाशी राहिलेल्या माणसाला कलेचे मोठेपण सांगणाऱ्यांची आम्हाला चीडच येते. दादींची हरकत निराळी होती : चित्रे काढणे बरे का? तसवीरीच्या मसल्यात आलिमांनी बोलावे, आम्ही शिक्षक आहोत. एवढेच दाखवले, की मुलीच्या वहीत आता हरफ, वर्तुळे आणि नुक्ते आहेत, आणि दादींच्या मुसल्ल्यावरची नक्षीही कुणीतरी बसून आखलेली आहे. दादी हसल्या. अम्मी हसल्या नाहीत.

वहीची पुढची पाने या घरगुती वादाच्या सावलीत भरली गेली, आणि मुलगी आता प्रत्येक निशाणीखाली चौथा प्रश्न लिहू लागली : करणाऱ्याला पैसे किती मिळाले?

१९०७ मध्ये जर्मनीच्या एईजी या वीज कंपनीने पेटर बेहरेन्स या कलावंताला सल्लागार नेमले. त्याने कंपनीची निशाणीच नव्हे तर किटल्या, पंखे, जाहिराती आणि कारखान्याची इमारतही एका वळणाची केली. एखाद्या धंद्याने सगळीकडे एकच चेहरा दाखवावा ही कल्पना तिथून पसरली. अमेरिकेत पॉल रँड यांनी आयबीएमसाठी, यूपीएससाठी निशाण्या केल्या. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नव्या कंपनीच्या लोगोसाठी त्यांनी एक लाख डॉलर घेतले आणि पर्याय म्हणून दुसरा नमुना द्यायला नकार दिला. हे पान मुलीने अम्मीला मुद्दाम दाखवले.

पण आम्ही तिला त्याच्या शेजारी १९७१ चे पान काढायला लावले. पोर्टलंडच्या विद्यापीठात कॅरोलिन डेव्हिडसन नावाची मुलगी डिझाइन शिकत होती. तिथेच हिशेबनिशी शिकवणाऱ्या फिल नाइट यांच्या कानावर आले, की तिला तैलरंगांचा खर्च परवडत नाही. त्यांची बुटांची छोटी कंपनी होती. त्यांनी तिला तासाला दोन डॉलरने काम दिले. बुटाच्या बाजूला बसेल आणि वेग दाखवेल अशी खूण तिने काढली, ३५ डॉलरचे बिल लावले. ती खूण म्हणजे नाइकेची बाकदार रेघ. नाइट यांना ती फारशी आवडली नव्हती. हळूहळू आवडेल म्हणून ठेवून घेतली. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, कंपनीने तिला बोलावून तीच खूण असलेली हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले. लोक ही गोष्ट अंगठीपाशी संपवतात. आम्हाला त्यातली बारा वर्षे जास्त दिसतात.

त्याच १९७१ साली इकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी स्टेट बँकेची निशाणी केली. निळे वर्तुळ, मध्ये छोटे वर्तुळ आणि तिथून खाली उतरणारी एक पांढरी पट्टी. बस्स. कुणाला त्यात कुलपाचे छिद्र दिसते, कुणाला मोठ्या व्यवहाराच्या मधोमध उभा असलेला छोटा माणूस दिसतो. त्याआधी बँकेच्या निशाणीवर वडाचे झाड होते. वड मोठा, डेरेदार. पण त्याचे चित्र पासबुकावर दोन बोटांएवढे छापले की पारंब्यांचा गोळा होतो. वर्तुळाचे काही बिघडत नाही. दूरदर्शनचा तो डोळ्यासारखा गोल, दोन बाजूंनी दोन वळसे असलेला, त्याच संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांचा. शिक्षकांनीही नमुने केले होते, पसंत पडला तो विद्यार्थ्याचा. त्यावर उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची शहनाई वाजायची. आमच्या वयाच्या वाचकांच्या कानात ती आता वाजली असेल.

आणि रुपयाचे चिन्ह? पवईच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचे. देशभरातून स्पर्धा झाली, तीन हजारांवर नमुने आले, पाच शेवटच्या फेरीत गेले आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने त्यांचा नमुना मान्य केला. अडीच लाख रुपये बक्षीस होते. देवनागरी ‘र’ आहेच. तोच उभा दांडा काढलेला रोमन ‘आर’ही आहे. ज्याला जे वाचता येते ते तो वाचतो. संगणकावर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षे दिसणारा ‘मंगल’ हा फॉन्टही याच पवईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांचा. अक्षरातून रोजी कमावता येते हे दाखवायला आम्हाला जर्मनीपर्यंत जायचे कारण नव्हते. पण मुलीला जर्मनी आवडली.

रुपयाच्या पानावर तिने एक रेघ जास्त ओढली होती : ‘एकच आकार, दोन वाचणारे.’

मग काम सुरू झाले. साठाच्या वर नमुने झाले असतील. भट्टी, धुराडे, लाटणे, ओंबी. आमचा नियम साधा होता. आधी फक्त काळ्या शाईत काढ. रंगाशिवाय जे उभे राहत नाही ते रंगानेही राहत नाही. मग एक रुपयाच्या नाण्याएवढे काढून हात लांब धरून बघ. मग भिंतीवर लाव आणि रस्त्याच्या पलीकडून बघ. शेवटी ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला दाखव आणि ‘काय दिसते’ एवढेच विचार, समजावून सांगू नकोस. पिशवीसोबत समजावणारा माणूस जात नाही. भट्टी नाण्याएवढी झाल्यावर घरासारखी दिसू लागली. लाटणे भलतेच काही दिसू लागले. ओंबी तर सगळ्याच आटाचक्क्यांवर असते.

एके दिवशी तिने अम्मीकडे नानांची पेटी मागितली. अम्मी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग स्टुलावर चढून त्यांनीच ती काढली. बोरू वाळून फुटले होते. एक शाबूत निघाला. मुलीला टोक कापता येईना, तेव्हा अम्मीनेच चाकू घेतला. लहानपणी अब्बांची कलमे त्याच करून देत असत, हे मुलीला त्या दिवशी कळले.

नानांच्या सरावाच्या कागदांवर ओळीने नून होते. नान नूनचा, नानखटाई नूनची, मामूंच्या बेकरीचे नावही नूनवर सुरू होते. खालचा बाक खोल आणि वर नुक्ता. मुलीने तो मोठा केला, बाकाची दोन्ही टोके थोडी सपाट केली, नुक्त्याचे कोपरे किंचित गोल केले. आणि शेजारच्या भाजीवाल्या मावशींना दाखवला. त्या म्हणाल्या, ‘बशी हाय की. बशीवर बिस्कूट.’

आपल्याकडे टोस्ट बशीतल्या चहात बुडवून खातात. याहून जास्त काही बेकरीच्या निशाणीने सांगायचे नसते.

मामू मात्र घुटमळले. त्यांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइके मराठी घरांतली. ‘उर्दू हरफ बघून कुणी बिचकणार तर नाही?’ त्यांनी हळूच विचारले. दिवस असे आहेत की प्रश्न मनात यावा. मुलगी म्हणाली, ‘मामू, ज्याला नून येतो तो नून वाचेल. बाकीच्यांना बशी दिसेल. नेणार तर दोघेही टोस्टच.’ तरी मामूंनी पंधरा दिवस घेतले. जुन्या दहा-बारा गिऱ्हाइकांना कागद दाखवला. त्यात हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक होते, दर रविवारी नानखटाई नेणारे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘बशी जरा जास्त खोल झाली आहे, चहा गार होणार नाही.’ मुलीने बाक उथळ केला. आम्हाला वाटते त्याने नून थोडा बिघडला. पण बेकरी मामूंची आहे.

पिवळा रंग सोडायला मामू तयार नव्हते आणि ते बरोबर होते. तीस वर्षांची ओळख फेकून देऊन नव्याने मिळवायची कशाला? पिशवी पिवळीच राहिली, तिच्यावर गडद तपकिरी नून, खाली मराठीत नाव. एकच शाई. यात हिशेबही होता : पिशव्या छापणारा प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. सोनेरी टोपी आणि ओंब्यांना चार सिलिंडर लागले असते. शाळेच्या संगणकावर ‘इंकस्केप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिने हाताचा नून उतरवून घेतला. यात आकाराची कड ठिपक्यांनी नाही, वक्ररेषेच्या गणिताने साठवली जाते. त्यामुळे बिलावर असो की दुकानाच्या फलकावर, कड फाटत नाही. लोगो मोबाईलच्या फोटोच्या रूपात छापखान्यात नेणाऱ्यांना हा फरक फलक लागल्यावर कळतो.

ज्यांचा छोटा धंदा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद जपून ठेवावेत. निशाणी केली की ती आपली होत नाही. ती नोंदवावी लागते. ट्रेड मार्क कायदा १९९९ चा आहे. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,०००. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. बेकरीचा माल ३० व्या वर्गात येतो. अर्जाआधी तशीच निशाणी कुणाची आहे का हे रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. निशाणीशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे आधीही लावता येतात, पण वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्याखेरीज लावणे गुन्हा आहे.

आणि जुनी बिले फेकू नका. नाव किंवा निशाणी आधीपासून कोण वापरत होते याला आपल्या कायद्यात वजन आहे. मामूंकडे नानांच्या अक्षरातली बिलबुके निघाली, पिठाच्या कोठीत, पोत्याखाली. वकिलांनी सर्वांत आधी तीच मागितली.

मोबदल्यावरून घरात पुन्हा गडबड झाली. दादी म्हणाल्या, घरच्या मुलीने मामाकडून पैसे घ्यायचे? आम्ही मामूंना स्पष्ट सांगितले, की द्यायचे, आणि बिलावर द्यायचे. सुतार घरचा असला तरी त्याची मजुरी देतोच ना? मुलीने बिल लिहिले : कामाचे तास, तासाचा दर, बेरीज तीन हजार रुपये. मामूंनी ते अम्मीच्या हातात दिले. अम्मीने ते दोनदा मोजले. अब्बांना एका पानाचे किती मिळत, हे त्यांनी त्या वेळी पहिल्यांदाच सांगितले.

अकरावीचे म्हणाल तर मुलीने सायन्स घेतले आहे. अम्मीचा शब्द राहिला आणि मुलीचेही काही बुडाले नाही, कारण पवईच्या आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी जी यूसीड परीक्षा होते ती बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचेही तसेच आहे. मुंबईचे जे. जे. आहेच, तिथल्या उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात. आपल्या कितीतरी शाळांत त्यांचे फॉर्मच येत नाहीत. मुख्याध्यापकांना विचारावे. डीएमएलटीचा फॉर्म दोन वर्षांनी भरायचा की यूसीडचा, यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही.

पिशव्यांचा पहिला गठ्ठा आला तेव्हा नुक्ता जरा डावीकडे सरकला होता. मामूंनी तो गठ्ठा वापरून टाकला, पाच हजार पिशव्या कोण फेकणार? शेजारच्या बेकरीची पिशवी अजून पिवळीच आहे. त्यांच्या टोस्टची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मामू आता बोलत काही नाहीत, नुसते बशीवर बोट ठेवतात. मुलीकडे दुसरे काम आले आहे, बाजारपेठेतल्या टेलरचाचांचे. त्यांना निशाणीत कात्री हवीच आहे, आणि सोबत सुई, दोरा, गुलाबाचे फूल आणि त्यांचे पूर्ण नावही.